नोंद एक की दोन? : प्रतिरूप, परवाना आणि कोशकाराची नीती

१

विश्वकोशातील नोंद ही वरकरणी संपादकीय सोयीची बाब वाटते. कोणत्या विषयाला स्वतंत्र जागा द्यायची, कोणता विषय दुसऱ्या नोंदीच्या पोटात घालायचा आणि कोणत्या नावाची बोळवण नुसत्या 'पहा' या शब्दावर करायची, हे निर्णय पृष्ठसंख्या, उपलब्ध सामग्री आणि वाचकाची गरज यांवरून होतात असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः प्रत्येक नोंदीत एक सत्ताशास्त्रीय विधान दडलेले असते. अमुक एक वस्तू स्वतःच्या बळावर उभी आहे, दुसऱ्या वस्तूचे बोट न धरता तिच्याविषयी बोलता येते, असे ते विधान होय. ज्याला नोंद मिळत नाही ते नसतेच असे नव्हे. परंतु त्याचे असणे कोणाच्या तरी आधाराने सांगितले जाते. म्हणून नोंदीचा प्रश्न एकाच वेळी ज्ञानमीमांसेचा आणि नीतीचाही प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे स्वच्छ रूप प्रवासी बससारख्या रोजच्या वस्तूत पाहावयास मिळते. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात व्हिसोके मिटो येथील कारोसा कारखान्यात १९५८ ते १९७२ या काळात 'स्कोडा ७०६ आरटीओ' ही बस तयार होत असे. तिचाच परवाना घेऊन पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ शहरानजीकच्या येल्च येथील कारखान्याने १९५९ पासून 'येल्च ०४३' ही बस बांधावयास घेतली. दोहोंचा घाट एकच : गोलसर कडांचे, फुगीर, लांबट अंग. दुरून पाहणाऱ्याला त्यांतील भेद सांगता येणार नाही. विश्वकोशात या दोन बसना दोन नोंदी असाव्यात, की एकच असावी आणि दुसऱ्या नावापुढे 'पहा : स्कोडा ७०६ आरटीओ' एवढेच छापावे?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि 'बस' या शब्दाच्या जागी 'नाटक', 'कादंबरी' किंवा 'सिद्धान्त' हे शब्द घालून पाहिले, की त्याचा आवाका ध्यानात येतो. मूळ आणि रूपांतर, स्रोत आणि प्रभाव, केंद्र आणि परिघ या द्वंद्वांभोवती समीक्षाव्यवहारात जी चर्चा चालत आली आहे, तिचाच गाभा येथे लोखंड आणि काच या द्रव्यांत समोर येतो. द्रव्य अपरिचित असल्यामुळे परिचित पूर्वग्रह काहीसे बाजूला पडतात, हा या उदाहरणाचा लाभ आहे.

२

पहिला आणि सर्वांत सहज सुचणारा निकष रूपसाम्याचा. दोन वस्तूंचे सर्व गुणधर्म समान असतील तर त्या दोन नसून एकच होत, हे लायब्निट्सचे तत्त्व या निकषाच्या मुळाशी आहे. समान रूपाच्या दोन वस्तूंना दोन नोंदी दिल्यास तेच वर्णन दोनदा छापले जाईल, एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाईल आणि वाचकाला मुळात नसलेला भेद असल्याचा भास होईल. लाघव हा कोशरचनेतील गुण आहे आणि या निकषामागील तर्क दुबळा नाही.

मात्र येथे एक प्राथमिक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोशात नोंद होते ती रस्त्यावरच्या एकेका बसची नव्हे, तर त्या बनावटीची. म्हणजे व्यक्तीची नव्हे, जातीची. जातीचे एकत्व कशावरून ठरवायचे? नेल्सन गुडमन यांनी 'लँग्वेजिस ऑफ आर्ट' (१९६८) या ग्रंथात कलांमध्ये जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. चित्रासारख्या कलेत अस्सल आणि नक्कल हा भेद निर्णायक असतो. संगीतरचनेत मात्र स्वरलेखनाचे अचूक अनुसरण करणारा प्रत्येक प्रयोग त्याच कृतीचा प्रयोग ठरतो. बसच्या बनावटीला चित्रापेक्षा स्वरलेखन जवळचे आहे. कारखान्यातील आराखडे ही तिची संहिता. मग व्हिसोके मिटो येथे वाजवली काय किंवा व्रोत्स्वाफजवळ वाजवली काय, रचना एकच. वादक तेवढे वेगळे. रूपसाम्याच्या पक्षाची ही सर्वांत भक्कम मांडणी म्हणता येईल.

परंतु तिचा पाया 'अचूक अनुसरण' या अटीवर उभा आहे आणि उत्पादनाच्या इतिहासात ही अट क्वचितच पाळली जाते. याच येल्च कारखान्याचे पुढील उदाहरण बोलके आहे. १९७२ मध्ये पोलंडने बेर्लिए या फ्रेंच कंपनीकडून 'पीआर १००' या शहरी बसचा परवाना घेतला. दोन दारांची ही रचना पोलिश शहरांतील गर्दीला अपुरी पडली. तेव्हा गाडीची लांबी वाढवून तिसरे दार बसवण्यात आले आणि 'पीआर ११०' तयार झाली. तिला जे इंजिन लाभले ते म्येलेत्स येथील कारखान्याचे. पण त्याचाही परवाना मूळ इंग्लंडच्या लेलँड कंपनीचा. पुढे ऐंशीच्या दशकात याच घराण्यात 'येल्च एम ११' आली. तिची बांधणी फ्रेंच वंशातील 'पीआर ११०'ची, चासी हंगेरीच्या इकारुस बसची आणि इंजिन हंगेरीतील राबा कारखान्याचे, जे जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर बनत असे. रूपसाम्याचा निकष लावून या बसला कोणाच्या पोटात घालायचे? फ्रान्सच्या, हंगेरीच्या, की जर्मनीच्या?

म्हणजे 'जवळजवळ समरूप' या शब्दप्रयोगातील 'जवळजवळ' हा शब्दच सगळा भार वाहतो आणि त्याचे माप कोणाजवळच नाही. तिसरे दार हा क्षुल्लक फरक की मूलभूत? आराखड्याच्या दृष्टीने तो काही फुटांचा बदल आहे. दाराशी ताटकळणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने बस बसली की बस चुकली एवढा तो मोठा आहे. फरकाचे मोल फरकाच्या आकारात नसते. ते कोणत्या प्रयोजनाच्या संदर्भात तो पाहिला जातो यावर अवलंबून असते. रूपसाम्याचा निकष स्वतःला वस्तुनिष्ठ म्हणवतो, परंतु प्रयोजन गृहीत धरल्याखेरीज त्याला एक पाऊलही टाकता येत नाही.

३

दुसरा निकष राष्ट्राचा. दोन देश, दोन कारखाने, दोन नावे. म्हणून दोन नोंदी. या निकषाला भावनेचे मोठे पाठबळ असते. ज्या समाजाने एखादी वस्तू आपल्या हातांनी घडवली, त्याला ती दुसऱ्याच्या नोंदीतील तळटीप म्हणून पाहणे रुचत नाही. ही भावना हेटाळणीचा विषय नाही. तथापि तिच्यावर कोशाची उभारणी करता येईल काय, हे तपासले पाहिजे.

प्रथमतः, राष्ट्र ही बसइतकीही टिकाऊ वस्तू नाही. 'स्कोडा ७०६ आरटीओ' ज्या चेकोस्लोव्हाकियात तयार झाली ते राष्ट्र १९९३ च्या पहिल्या दिवशी दुभंगले. त्यामुळे तिच्या नोंदीचेही दोन तुकडे करावेत असे कोणी म्हणणार नाही. दुसरे असे की, नावाचा भेद हा वस्तुभेदाचा पुरावा होत नाही. जपानमध्ये इसुझू आणि हिनो या दोन कंपन्यांनी बसबांधणीसाठी २००२ मध्ये जे-बस ही संयुक्त कंपनी स्थापन केली; त्यानंतर 'इसुझू एर्गा' आणि 'हिनो ब्ल्यू रिबन २' या नावांनी मूलतः एकच बस दोन चिन्हे लावून विकली गेली. येथे नावे दोन, परंतु सांगण्याजोगी हकीकत एकच. मग याच दोन चिन्हांच्या मध्ये एखादी राष्ट्रसीमा आली असती, तर निव्वळ तेवढ्याने दोन हकीकती निर्माण झाल्या असत्या काय?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय अभिमानातून जन्मलेली स्वतंत्र नोंद बहुधा ऋणाविषयी मौन पाळते. 'आमची बस' या शब्दांनी सुरू होणाऱ्या मजकुरात परवान्याचा उल्लेख कोठे तरी चौथ्या परिच्छेदात, तोही कर्मणि प्रयोगात येतो. पहिल्या निकषाने घडवणाऱ्याचे श्रम पुसले जात होते. दुसऱ्याने रचणाऱ्याचे श्रम पुसले जातात. अन्यायाची दिशा तेवढी बदलते.

४

तिसऱ्या निकषाकडे वळण्यापूर्वी 'नोंद' म्हणजे काय हे पुन्हा पाहावे लागेल. शब्दकोशातील नोंद अर्थ सांगते, सूचीतील नोंद स्थान सांगते; विश्वकोशातील नोंद मात्र हकीकत सांगते. वस्तू कशी झाली, कशासाठी झाली, तिने काय केले, तिचे पुढे काय झाले, या क्रमाने जाणारे ते एक निवेदन असते. म्हणून नोंदीच्या एकत्वाचा निर्णय वस्तूच्या एकत्वावरून न करता निवेदनाच्या एकत्वावरून केला पाहिजे. कसोटी अशी मांडता येईल : दुसऱ्या वस्तूची हकीकत पहिलीच्या हकीकतीत सामावते काय? की ती सामावून घेताना पहिले निवेदन आपला नायक, आपले स्थळ आणि आपला शेवट गमावून बसते?

ही कसोटी 'येल्च ०४३'ला लावून पाहावी. चेकोस्लोव्हाकियात 'आरटीओ'चे उत्पादन १९७२ मध्ये थांबले. पोलंडमध्ये 'येल्च ०४३' १९८६ पर्यंत तयार होत राहिली. म्हणजे चौदा वर्षे मूळ नव्हते आणि प्रतिरूप होते. या चौदा वर्षांची हकीकत 'स्कोडा' या शीर्षकाखाली सांगणे म्हणजे मृत्यूनंतरच्या घटना मृताच्या चरित्रात घालण्यासारखे आहे. पोलिश लोकांनी तिच्या आकारावरून तिला 'ओगुरेक', म्हणजे काकडी, असे नाव ठेवले आणि आजही ती बस तेथे त्याच नावाने आठवली जाते. टोपणनाव ही भाषेने दिलेली दत्तकाची सनद असते. ती आराखड्याबरोबर परवान्यात येत नाही.

भारतातील उदाहरण याहून अधिक परिचित आहे. लेलँड कंपनीची 'टायटन' ही दुमजली बस इंग्लंडमध्ये प्रथम १९२७ मध्ये अवतरली आणि महायुद्धानंतर नव्या रूपांत १९६९ पर्यंत बनत राहिली. चेन्नईजवळील एन्नोर येथे १९४८ मध्ये अशोक मोटर्स या नावाने स्थापन झालेल्या आणि १९५५ पासून अशोक लेलँड म्हणवल्या जाणाऱ्या कंपनीने १९६७ मध्ये 'टायटन'ची भारतीय आवृत्ती आणली. तिकडे कथा संपण्याच्या बेतात असताना इकडे ती सुरू झाली. इंग्लंडमधील 'टायटन'च्या हकीकतीत शेवटचे प्रकरण म्हणजे इंजिन मागे असलेल्या नव्या बसपुढे तिचे हटणे. भारतातील हकीकतीत पहिले प्रकरण म्हणजे परकीय परवान्यावर देशी उत्पादन उभे करण्याची स्वातंत्र्योत्तर धडपड. एकच यंत्र एका निवेदनात अस्ताचे चिन्ह आहे आणि दुसऱ्यात उदयाचे. ही दोन निवेदने एका शीर्षकाखाली शिवली तर शिवण दिसत राहते.

वैशेषिकांनी सर्वथा समान अशा परमाणूंना परस्परांपासून वेगळे करणारा 'विशेष' नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला, कारण गुणांच्या आधारे तो भेद करता येत नव्हता. मानवनिर्मित वस्तूंसाठी असा गूढ पदार्थ मानण्याची आवश्यकता नाही. त्यांचा विशेष म्हणजे त्यांचा इतिहास.

५

वाङ्मयाच्या क्षेत्रात हा निकष नकळत कधीच स्वीकारला गेला आहे. गो. ब. देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' (१९१६) हे त्यांच्याच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' (१८९३) या गद्य नाटकाचे संगीत रूप. त्याचा उगम आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' (१७६१) या इंग्रजी प्रहसनात आणि त्याचाही मोल्येरच्या 'स्गानारेल' (१६६०) या फ्रेंच नाटकात आहे. फ्रेंच संहिता, इंग्रजी परवाना आणि मराठी बांधणी अशी ही साखळी 'येल्च एम ११'ची आठवण करून देणारी आहे. तरीही 'संशयकल्लोळ : पहा – मोल्येर' अशी नोंद कोणताही मराठी कोशकार करणार नाही. संगीत रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाने जे स्थान मिळवले ते मोल्येरच्या चरित्रात मावणारे नाही. त्याच वेळी, मर्फी आणि मोल्येर यांचा उल्लेख टाळून लिहिलेली 'संशयकल्लोळ'वरील नोंद कोणी प्रामाणिक मानणार नाही. 'ती फुलराणी' (१९७५) आणि शॉचे 'पिग्मॅलियन' यांच्याबाबत हेच म्हणता येते. ज्या नाटकाचा विषयच उच्चारांतून प्रकटणारा वर्गभेद आहे, ते भाषा बदलताच पुन्हा मुळापासून घडवावे लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. नाटक रूपांतरित करताना प्रतिभा खर्ची पडते; परवान्यावर बस बांधताना केवळ आज्ञापालन होते. तेव्हा ही तुलनाच अप्रस्तुत होय. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा असला तरी उत्तरार्ध अपुरा आहे. दुसऱ्या देशातील पोलाद, तेथील रस्ते, तेथील कामगारांचे कसब आणि तेथील गर्दी यांच्याशी आराखड्याची सांगड घालणे हे आज्ञापालनापेक्षा भाषांतराला अधिक जवळचे आहे, हे 'पीआर ११०'च्या तिसऱ्या दाराने दाखवलेच आहे. शिवाय नावीन्य ही स्वतंत्र नोंदीची अपरिहार्य अट मानता येत नाही. बोर्हेसच्या १९३९ मधील प्रसिद्ध कथेतील पिएर मेनार 'दोन किहोते'तील काही प्रकरणे शब्दशः तीच, परंतु नव्याने लिहितो. आणि काळ बदलल्यामुळे त्याच शब्दांचा अर्थ बदलतो, असे कथेतील निवेदक गंभीरपणे पटवू पाहतो.

तथापि मेनारचा दाखला जपून वापरावा लागतो. संदर्भ बदलला की कृती बदलते एवढ्यावरच नोंद द्यायची ठरवली, तर प्रत्येक शहरातील, प्रत्येक आगारातील, अखेर प्रत्येक मार्गावरील बसला नोंद द्यावी लागेल आणि कोशाचा आकार जगाएवढा होईल. म्हणून इतिहासाच्या निकषाला एक मर्यादा घालणे अगत्याचे आहे. इतिहास केवळ असून भागत नाही; तो सांगता आला पाहिजे, त्याला आधार असला पाहिजे आणि त्यातील घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध असला पाहिजे. परदेशात शे-दोनशे गाड्या जोडून काम थांबले, एवढेच ज्या प्रतिरूपाबद्दल सांगण्यासारखे असेल, त्याने मूळ नोंदीतील एका परिच्छेदावर समाधान मानावे. त्यात त्याचा अपमान नाही.

६

कोशाच्या रचनेतही हाच प्रश्न अंतर्भूत आहे, हे विसरता कामा नये. दिदरो आणि दालांबेर यांच्या ज्या 'आन्सिक्लोपेदी'चा पहिला खंड १७५१ मध्ये निघाला, तिचा आरंभ एफ्रेम चेंबर्सच्या 'सायक्लोपीडिया' (१७२८) या इंग्रजी कोशाचे फ्रेंच भाषांतर करण्याच्या योजनेतून झाला होता. परवान्यावर सुरू झालेले काम हाताबाहेर गेले आणि युरोपच्या वैचारिक इतिहासातील एक प्रकरण बनले. मराठीत डॉ. श्री. व्यं. केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले. कोशाचा साचा बाहेरचा होता. परंतु अकारविल्हे नोंदींकडे वळण्यापूर्वी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड लिहिले आणि त्यांपैकी पहिल्याचा विषय 'हिंदुस्थान आणि जग' हा ठेवला. जगाची माहिती कोठे उभे राहून सांगायची हे ठरवल्यावाचून ती सांगता येत नाही, याची ही जाणीव होती.

हे उभे राहण्याचे ठिकाण येथे निर्णायक ठरते. दोन समरूप वस्तू एका नोंदीत आणल्या, की शीर्षक कोणाचे हा प्रश्न लगेच उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ठरलेले असते : ज्याने परवाना दिला त्याचे. घेणाऱ्याची बस 'इतर देशांतील उत्पादन' या उपशीर्षकाखाली येते. यातून वाचकाच्या मनावर एक श्रेणी बिंबते. काही समाज वस्तू निर्माण करतात, उरलेले त्या वापरतात किंवा फार तर जोडतात. ही श्रेणी कोणी जाणूनबुजून रचलेली नसते. ती मांडणीतून आपोआप उमटते, म्हणूनच तिचा प्रतिवाद अवघड जातो. प्रत्यक्ष इतिहास मात्र इतका सरळ नाही. अशोक लेलँडने २०१० मध्ये ब्रिटनच्या ऑप्टेअर या बस कंपनीत हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये बहुमत मिळवले. ऑप्टेअरचा जन्म १९८५ मध्ये लीड्स येथील ज्या रो कारखान्याच्या जागी झाला, तो एके काळी लेलँडच्याच समूहातला होता. एकेकाळचा परवानाधारक अशा रीतीने परवाना देणाऱ्याच्या वारसाचा मालक झाला. याच ऑप्टेअरचे पुढे 'स्विच' असे नामांतर झाले आणि २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर बेस्टच्या जुन्या दुमजली बसची जागा ज्या विजेवरच्या दुमजली बस घेऊ लागल्या, त्यांच्यावर हेच नाव आहे. यात मूळ कोणते आणि शाखा कोणती, हे एका शीर्षकाखाली ठरवू गेल्यास कोशकाराला इतिहासाचा अर्धा भाग गाळावा लागेल.

यावरून कोशकाराचे कर्तव्य दुहेरी ठरते. ज्या प्रतिरूपाला स्वतःची, साधार आणि सुसंगत हकीकत आहे त्याला स्वतंत्र नोंद द्यावी; मात्र त्या नोंदीच्या पहिल्याच वाक्यात ऋणाचा निर्देश असावा. आपण कोणाकडून घेतले हे सांगितल्याने स्वातंत्र्य उणावत नाही. घेतलेल्याचे पुढे काय केले हे सांगण्याची सोय त्यामुळेच होते. आणि याची दुसरी बाजू अशी की, मूळ वस्तूच्या नोंदीतही प्रतिरूपाचा निर्देश तितक्याच ठळकपणे हवा. 'टायटन'ची हकीकत १९६९ मध्ये संपली असे लिहिणारी नोंद माहितीच्या दृष्टीनेच चुकीची आहे. ती फक्त इंग्लंडमध्ये संपली. मूळ कृती आपल्या रूपांतरांवाचून पूर्ण सांगता येत नाही, ही गोष्ट स्वागतसिद्धान्ताने वाङ्मयाबाबत मान्य करून घेतली आहे. वस्तूंच्या बाबतीत ती मान्य व्हायची आहे.

अशा व्यवस्थेत 'पहा' या शब्दाचे कार्यही बदलते. आजवर तो एकाच दिशेने धावत आला : परिघावरून केंद्राकडे. ज्याला स्वतःची नोंद नाही त्याने दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभे राहावे, असा त्याचा आदेश होता. दोन्ही नोंदी उभ्या राहिल्या आणि दोन्हींच्या अखेरीस एकमेकींकडे बोट दाखवणारा 'पहा' आला, तर साम्य झाकले जात नाही आणि भेदही पुसला जात नाही. यामुळे कोशाची चार पाने वाढतील हे खरे. परंतु कोणाचे श्रम पानात मोजायचे आणि कोणाचे ओळीत, हा हिशेब मांडताना लाघवाचे तत्त्व आजवर नेहमी एकाच बाजूच्या पदरात पडत आले आहे, याचा विचार ती पाने वाचवू पाहणाऱ्या संपादकाला करावाच लागेल.